वाटीखालचा कागद

९ ऑगस्ट

धाकटे,

पाकिटामागचा पत्ता आधी वाचशील, मग पाकीट टेबलावर तसंच ठेवून देशील आणि दोन दिवसांनी कात्रीने कड कापून उघडशील. तू पाकिटं फाडत नाहीस, लहानपणीही फाडत नव्हतीस. तेव्हा हे घाईचं आहे असं वर लिहून काही उपयोग नाही हे धरूनच लिहिते.

काम आहे म्हणून लिहिते आहे. नुसती खुशाली विचारायची असती तर मधल्या बारा वर्षांत कधीतरी विचारली असती. तूही विचारली नाहीस, तेव्हा फिटंफाट.

मी अजून त्याच बालवर्गात शिकवते. चार ते सहा वर्षांची चौदा मुलं आहेत. शाळेच्या मागच्या फाटकातून बाहेर पडलं की पाण्याच्या टाकीपर्यंत चढत जाणारा झाडांचा उतार आहे. दर बुधवारी सकाळी आम्ही तिथे जातो. एका जाड दोरीला चौदा गाठी मारल्या आहेत, प्रत्येकाची आपापली गाठ. दोरी सोडायची नाही, गाठ बदलायची नाही. तरी बदलतातच, आणि त्यावरून जी भांडणं होतात ती ऐकून टाकीवरचा चौकीदार हसत बसतो.

आम्ही पावसात उगवणाऱ्या छत्र्या बघायला जातो. तू त्यांना काय म्हणतेस ते मला माहीत आहे, पण तुझी नावं माझ्या मुलांच्या तोंडात मावत नाहीत. त्यांनी आपली ठेवली आहेत. दाबला की धूर सोडतो तो धुराडा. कुजक्या फांदीवरचा थंडगार लिबलिबीत तो कान. एका दिवसात विरघळून काळी होते ती शाईची छत्री. तिची शाई आम्ही बाटलीत भरली आणि काडीने चित्रं काढली. दोन दिवस वर्गात असा वास मारत होता की आमच्या मदतनीस मावशी म्हणाल्या, "बाई, पुढच्या वेळी पेन्सिल वापरा."

नियम एकच. डोळ्यांनी बघायचं, नाकाने हुंगायचं, बोटाने चाचपायचं. तोंडाने काही नाही. आल्यावर साबणाने हात. सहा वर्षांत एकदाही काही झालं नाही.

आता झालं आहे. गेल्या बुधवारी वर्गातल्या एका मुलीने माझ्या नकळत एक मोठी पांढरी छत्री दप्तरातून घरी नेली. पाच वर्षांची आहे, सगळे तिला वकीलबाई म्हणतात, कारण तिला काहीही सांगितलं तरी ती "पण समजा" म्हणून उलट विचारते. घरी नेऊन तिने ती स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली, अर्ध्या काळ्या अर्ध्या पांढऱ्या कागदावर, वरून वाटी पालथी घालून. दुसऱ्या दिवशी तिची आई पहाटेच्या पाळीला गेली होती. घरी आत्या आलेली आहे. आत्याने सकाळी ऑम्लेट करायला घेतलं. फ्रिजमध्ये विकतच्या मशरूमचं पाकीट होतं आणि वाटीखाली आणखी एक दिसली. वहिनीने उरलेली झाकून ठेवली असेल असं तिला वाटलं. आत्या झाकून ठेवलेलं कधी टाकत नाही. तिने तीही चिरून घातली.

वकीलबाई दात घासून आली तेव्हा बाबा आणि आत्या खाऊन उठत होते. मुलीने ताटलीला हात लावला नाही. दोन तासांत दोघांना उलट्या सुरू झाल्या. शेजाऱ्याने गाडीत घालून दवाखान्यात नेलं. चौथ्या दिवशी दोघं घरी आले. आता बरे आहेत, फक्त अंडं समोर आलं की तोंड फिरवतात.

काम असं. शाळेने बुधवारची फेरी थांबवली आहे. २६ तारखेला पालकांची सभा आहे. त्या दिवशी ती कायमची बंद करायची आणि मागच्या फाटकाला कुलूप लावायचं असं बहुतेकांच्या मनात आहे. मी ती बंद होऊ देणार नाही. मुलांना छत्री कळली पाहिजे, म्हणजेच ती भलत्या ताटात जात नाही. पण मी म्हणून कोणी ऐकणार नाही. तुझं अख्खं आयुष्य बुरशीच्या प्रयोगशाळेत गेलं आहे. तू दोन ओळी लिहून दे, की जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली लहान मुलांना छत्र्या दाखवण्यात धोका नाही. खाली सही आणि शिक्का.

बाकी काही मागत नाही.

ताई


१७ ऑगस्ट

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. मी दोन ओळी मागितल्या होत्या, तू तीन प्रश्न पाठवलेस. शिक्का नाही. खाली "कळावे" एवढंसुद्धा नाही. तरी अक्षर बघून बरं वाटलं. 'ळ' अजून तसाच काढतेस, पोट फुगलेला.

पहिला प्रश्न, कुठली छत्री. मला खात्रीने सांगता येत नाही, म्हणून तो कागदच पाठवते. छत्री पोटात गेली पण कागद राहिला होता. मुलीने तो उचलून फ्रॉकखाली धरला, गाडीत बसताना सोडला नाही, आणि डॉक्टरांच्या हातात दिला. म्हणाली, "ही खाल्लीय. हिचा ठसा हिरवा आहे." डॉक्टरांनी नंतर तो मला देताना सांगितलं, की आयुष्यात पहिल्यांदा त्यांना रुग्णाचा इतिहास इतका नीट मिळाला. काळ्या बाजूवर कमी दिसतो, पांढऱ्या बाजूवर बघ. मळकट हिरवा आहे.

दुसरा, कुठे उगवली होती. मैदानाच्या कडेच्या गवतात, झाडांत नाही. सात-आठ एकत्र, वाकड्या ओळीत. वर तपकिरी खवले, देठाला कडं. खालच्या घड्या पांढऱ्या होत्या.

तिसरा प्रश्न तू असा विचारला आहेस: "पाच वर्षांच्या मुलीला काळा-पांढरा कागद कुठे मिळाला?"

तुझ्याशी खोटं बोलताना मी नेहमी एक वस्तू जास्त सांगते.

कागद मी दिला. काळा आणि पांढरा मीच चिकटवला, आपले बाबा चिकटवायचे तसा, मधोमध. छत्रीही मीच दिली. वर्गातल्या सगळ्या वाट्या भरल्या होत्या. वकीलबाई विचारत होती, की खालच्या घड्यांमध्ये काय असतं. मी म्हटलं, त्यात भुकटी असते, छत्री रात्रभर कागदावर वाटीखाली ठेवली की तिचा ठसा उमटतो, आणि मग छत्री कुठली ते कळतं. ती म्हणाली, "पण समजा आज वाटीच नसेल तर?" मी म्हटलं, तुमच्या घरी असेल ना. देठ मोडला, छत्री कागदी पिशवीत घातली, कागद दिला. आईला सांग, एवढंच म्हणाले. आई पहाटे जाते हे मला माहीत होतं. चिठ्ठी लिहायला हवी होती. दोन मिनिटांचं काम होतं. घंटा झाली.

त्या गुरुवारी दुपारी मुख्याध्यापिकांनी विचारलं, ही गोष्ट मुलीच्या घरी गेली कशी? मी म्हटलं, "तिने नेली असेल." खोटं म्हटलं तर खोटं, खरं म्हटलं तर खरं. बाईंनी ते लिहून घेतलं, तिच्या वडिलांना सांगितलं, आणि आता सगळ्यांच्या तोंडी तेच आहे, की मुलगी आगाऊ आहे, न विचारता वस्तू उचलते.

शाळेत तिने कुणालाच उलट सांगितलेलं नाही. सोमवारपासून वर्गात येते, आपल्या जागेवर बसते. काल मी म्हटलं, पाऊस वरून खाली पडतो. तिने "पण समजा" म्हटलं नाही.

मी घाबरले होते ते फेरी बंद पडेल म्हणून. हे कारण आहे. सबब म्हणून लिहीत नाही.

पत्र देऊ नकोस. जे पत्र मी मागितलं होतं त्यात "जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली" असं होतं. ते मला लागू पडत नाही. सभेत काय बोलायचं ते माझं मी बघते.

ताई


२७ ऑगस्ट

धाकटे,

सभा काल झाली. तुझं पाकीट परवाच आलं होतं. मी नको म्हटलं होतं तरी पाठवलंस. आत प्रमाणपत्र नव्हतं, छत्रीचं नाव होतं, आणि खाली: "गवतात उगवणारी सर्वांत फसवी. कोवळी असताना खाली पांढरी दिसते. ठसा घेतल्याशिवाय कळत नाही. मुलीने ठसा घेतला हे बरोबर केलं." शेवटची ओळ मी दहा वेळा वाचली आणि पाकीट पर्समध्ये घालून सभेला गेले.

मोठी माणसं मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर बसली होती. गुडघे हनुवटीला लागलेल्या माणसाला फार वेळ चिडता येत नाही, पण त्यांनी प्रयत्न केला. एक आजोबा म्हणाले, "आमच्या वेळी हे असलं काही नव्हतं. शाळेत जायचं, पाढे म्हणायचे, घरी यायचं." मावशी दारातून म्हणाल्या, "तुमच्या वेळी डोक्यावर छप्पर तरी होतं का, आजोबा?" लोक हसले. पण लगेच एक आई उठली. तिचा मुलगा आता दिसेल त्या लाकडाला कान लावतो, हुंगतो, बाकाखाली शिरतो. उद्या त्याने काही खाल्लं तर? तिला कुणी हसलं नाही.

मग वकीलबाईचे वडील उठले. अजून उतरलेलेच दिसतात. ते म्हणाले, "बाईंचा काही दोष नाही हो. आमचीच पोरगी आगाऊ. न विचारता उचलून आणली. तिला घरी चांगलं समजावलंय." आणि त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, मला सांभाळून घेतल्यासारखी.

धाकटे, तशी मान मी एकदा आधी पाहिली आहे. त्याबद्दल पुढे कधीतरी.

मी उठले. म्हटलं, "तिने आणली नाही. मी दिली. पिशवीत घालून, कागद देऊन, वाटीखाली ठेव म्हणून सांगून. तिने सांगितलं तसंच केलं. घरी निरोप पाठवणं माझं काम होतं, ते मी केलं नाही. आणि तीन आठवडे तिच्यावर आळ येऊ दिला, तोही मीच."

आत्या मागच्या रांगेत होती. ती म्हणाली, "म्हणजे पोरगी पहिल्या दिवसापासून खरं सांगत होती. मीच तिला म्हटलं, बाई असं कशाला देतील."

वडील पुन्हा उठले. मग म्हणाले, "बाई, मी तिला मारलं त्या दिवशी." एवढं बोलून ते बाहेर गेले. शेजारच्या खोलीत मावशींनी मुलांना बसवलं होतं. तिथे गेले असणार, कारण परत आले तेव्हा वकीलबाई त्यांच्या कडेवर होती. कडेवर घ्यायचं वय नाही तिचं, पाय पार खाली लोंबत होते.

नंतर मी तुझ्या चिठ्ठीतल्या चार ओळी वाचून दाखवल्या. तुझं नाव सांगितलं नाही. फक्त म्हटलं, या विषयातल्या बाईंनी लिहिलं आहे. मग म्हटलं, मैदानात त्या उगवणारच आहेत. फाटकाला कुलूप लावून गवत थांबत नाही. घरात तीन माणसं होती, त्यात एकटीने ते ऑम्लेट खाल्लं नाही, आणि ती पाच वर्षांची आहे. फेरी चालू ठेवा. मला त्यातून काढायचं असेल तर काढा.

वाद पाऊण तास चालला. शेवटी मुख्याध्यापिकांनी लिहिलं ते असं. छत्री फाटकाच्या आत येणार नाही, घरी तर नाहीच. ठसे घ्यायचे तर टाकीपाशी चौकीदाराच्या खोलीत, पेटीला कुलूप लावून. दर फेरीला दोन पालक बरोबर. आणि पहिली फेरी जाणकाराच्या हाताखाली होईल, तेव्हा त्यांनी मुलांनाही शिकवायचं, "आणि तुम्हालाही," असं त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. मी हो म्हटलं. जाणकार महिनाभरात आला नाही तर कुलूप.

सभा संपल्यावर वकीलबाई माझ्याजवळ आली.

"तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"घाबरले होते."

"कुणाला?"

"सगळ्यांना."

तिने विचार केला. "मी पण घाबरले होते. पण मी सांगितलं."

ती निघून गेली आणि अर्ध्या वाटेतून परत आली. "पण समजा," ती म्हणाली, "कुणी मोठ्या माणसानेच खायला दिली तर?"

मी म्हटलं, तरी नाही खायची. माझी कुठलीही गोष्ट खरी मानायची नाही, आधी कागदाला विचारायचं. आता हा दुसरा नियम झाला आहे.

तू येशील का? बुधवार, २० सप्टेंबर, सकाळी साडेआठ. दुसरा जाणकार मी शोधू शकते. कृषी खात्यात कुणीतरी असेल. पण आधी तुला विचारते आहे.

ताई


५ सप्टेंबर

धाकटे,

"येते" असं एका शब्दाचं कार्ड आलं. मी ते मुख्याध्यापिकांना दाखवलं, त्यांनी तारीख पक्की केली, मुलांनी फळ्यावर दिवस मोजायला रेघा काढल्या.

आता जे लिहिणार आहे ते एकवीस तारखेला लिहिणं सोयीचं होतं. तू येऊन गेली असतीस, कुलूप टळलं असतं, आणि मग तुला हवं ते तू केलं असतंस. मी तसं ठरवलंही होतं. चार दिवस ठरवलं होतं. पण मग ते परत "तिने नेली असेल" असंच झालं असतं.

सोबत एक कागद आहे. तो आधी बघू नकोस. हे वाच.

तू सहा वर्षांची होतीस आणि मी दहा. बाबा दर रविवारी लाकडाच्या वखारीतून परस्पर रानात जायचे आणि टोपलीत छत्र्या आणायचे. त्यांना नावं येत नव्हती. ते ठसे घ्यायचे, कागद वहीत ठेवायचे, आणि तीन-तीन वर्षं बघितल्याशिवाय एकही छत्री घरात शिजवू द्यायचे नाहीत. "पोटाला विचारू नये, कागदाला विचारावं," म्हणायचे. मला वाटायचं, आता मलाही सगळं कळतं.

तुला आठवतं ते असं, की त्या रविवारी बाबांनी आणलेली छत्री तू खाल्लीस आणि मरता मरता वाचलीस. आई तसंच सांगायची. तूही तसंच सांगत आलीस, तुझ्या विद्यार्थ्यांनासुद्धा सांगतेस असं मी ऐकलं आहे, की बापाच्या अडाणी हौसेने मी या विषयाकडे वळले.

बाबा त्या दिवशी रानात गेलेच नव्हते. वखारीत ट्रक आला होता. छत्री मी आणली, घरामागच्या गवतातून. मागच्या पायरीवर आपण हॉटेल हॉटेल खेळत होतो. मी मालकीण, तू गिऱ्हाईक. मी पट्टीने तिचे तुकडे केले आणि पानावर वाढले. तू म्हणालीस, "खरंच खाऊ?" मी म्हटलं, "खा, बाबांनी दिलीय." अर्धी तू खाल्लीस. उरलेली अर्धी मी फ्रॉकच्या खिशात घातली. मी खाल्ली नाही. का नाही खाल्ली, हे मी स्वतःला इतक्या वेळा विचारलं आहे की आता त्याचं खरं उत्तर माझ्याजवळ राहिलेलं नाही.

बाबा धावत दवाखान्यात आले, केसांत लाकडाचा भुसा तसाच. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? तू डोळे न उघडता म्हणालीस, "बाबांची छत्री." आई बाबांकडे वळली. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी खिसा मुठीत घट्ट धरून उभी होते. त्यांनी खिशाकडे बघितलं, मग आईकडे, आणि म्हणाले, "माझ्याच टोपलीतली असेल. मीच चुकलो." आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

तू चार दिवस दवाखान्यात होतीस. आईने टोपली जाळली, वही जाळली. बाबा पुन्हा कधी रानात गेले नाहीत. मी त्यांची वाट बघत राहिले, की ते मला एकटीला बोलावतील आणि विचारतील. त्यांनी कधीच विचारलं नाही.

बारा वर्षांपूर्वी त्यांच्या अंथरुणाशी उभी राहून तू त्यांना म्हणालीस, "हौस म्हणून पोरीला विष चारलंत, आणि कधी एका शब्दाने माफी मागितली नाहीत." त्यांनी तुझ्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं. मी त्यांची उशी सारखी केली. मग बाहेर येऊन तुला म्हटलं, मरणाऱ्या माणसाला असं बोलतेस, पुन्हा या घरात पाऊल ठेवू नकोस. तू ठेवलं नाहीस. ते गेले तेव्हाही नाही. लोकांना मी सांगत आले की धाकटीचं काळीज दगडाचं आहे.

आता कागद बघ. त्यांच्या वखारीतल्या फुटपट्ट्यांच्या डब्यात, तळाशी मिळाला, ते गेल्यावर आठव्या दिवशी. जाळलेल्या वहीतला नाही, नंतरचा आहे. ठसा अर्धाच आहे, कारण छत्री अर्धीच होती. त्या संध्याकाळी त्यांनी माझ्या खिशातून काढली असणार. पांढऱ्या बाजूवर हिरवट अर्धा चंद्र आहे, वकीलबाईच्या कागदावर आहे त्याच रंगाचा. त्या कागदावर तू नाव लिहून दिलंस, म्हणजे याचंही नाव तुला कळेल. खाली पेन्सिलीने तारीख आहे आणि एक ओळ: "मोठीला विचारायचं नाही. तिला कळलं आहे."

बाबांचं एवढंच चुकलं. मला कळलं नव्हतं. कळलं असतं तर वकीलबाईच्या बाबतीत तेच परत केलं नसतं.

हा कागद बारा वर्षं माझ्या कपाटात चादरींखाली होता. आता तुझा आहे.

तू आली नाहीस तर मी मुख्याध्यापिकांना सांगेन की जाणकार येणार नाहीत, आणि का ते विचारलं तर तेही सांगेन. मग दुसरं कुणी शोधेन. महिना संपायला बावीस दिवस आहेत. फेरी मी बंद पडू देणार नाही, पण त्यासाठी तुला अडकवणार नाही.

ताई


१६ सप्टेंबर

धाकटे,

नऊ दिवस काही आलं नाही. दहाव्या दिवशी कार्ड आलं. मी ते उभ्या उभ्या, चपला न काढता वाचलं. तीन ओळी आहेत, तुला पाठ असतील, तरी लिहिते, म्हणजे मी बरोबर वाचल्या की नाही ते कळेल.

"बुधवारी साडेआठ. भिंग माझं आणते. अर्ध्या ठशाचा कागद माझ्याकडे राहील."

बाकीबद्दल तू काही लिहिलं नाहीस. मी विचारणार नाही. कधी लिहायचं, लिहायचं की नाही, ते तू ठरव. रागावून आलीस तरी ये. रागावलेली माणसं उतार भराभर चढतात असा माझा अनुभव आहे.

आता कामाचं. जाड तळव्याचे बूट घाल, वरच्या टप्प्यावर शेवाळ आहे. स्टेशनवरून रिक्षावाल्याला पाण्याची टाकी सांग, शाळा सांगितलीस तर तो भलतीकडे नेईल. दोरीला पंधरावी आणि सोळावी गाठ मारली आहे. पंधरावी माझी. "तुम्हाला पण शिकायचंय ना, मग धरा," असं वकीलबाई म्हणाली, आणि ते वर्गात मताला टाकून मंजूर करून घेतलं. सोळावी आत्याची, ती पालकांच्या वतीने येते आहे. तिने उकडलेल्या बटाट्याशिवाय काहीही बरोबर आणणार नाही असं लिहून दिलं आहे. तू मोकळी चाल, तू शिकवणारी आहेस.

मुलांना तुझ्याबद्दल फक्त एवढं सांगितलं आहे, की येणाऱ्या बाई माझ्या धाकट्या बहीण आहेत आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त येतं. दुसऱ्या गोष्टीवर कुणाचा विश्वास बसला नाही. लहान बहिणीला जास्त कसं येईल, असा प्रश्न आला.

फक्त एका गोष्टीची तयारी ठेव. वकीलबाई नव्या माणसाला काय विचारायचं त्याची यादी करते आहे. लिहिता येत नाही, म्हणून चित्रं काढते. तिने मला यादी दाखवली. पहिलं चित्र भिंगाचं आहे. दुसरं कसलं ते तिलाच आठवेना. तिसऱ्यात एक बाई आहे, तिच्या उघड्या तोंडापाशी छत्री आहे. "तुम्ही कधी खाल्ली होती का, हे विचारायचंय," ती म्हणाली.

ती विचारेल. विचारल्याशिवाय ती वर चढणार नाही. तू हो म्हणशील, कारण तू खोटं बोलत नाहीस. मग ती तिचा पुढचा प्रश्न विचारेल, कुणी दिली होती, आणि सगळी दोरी थांबेल, चौदा मुलं, आत्या आणि एक पालक.

त्या प्रश्नाचं उत्तर तू देऊ नकोस. मी पंधराव्या गाठीवर आहे. मी देईन.

ताई